प्रेमात पडलेल्या रोबोटचं घरात काय होतं?

‘स्मॉल वंडर’मधली रोबोट मुलगी विकी आठवते ना? लाल फ्रॉक, सपाट आवाज आणि मुक्कामाला कपाट. अमेरिकेत १९८५ ते १९८९ या काळात चाललेली ही मालिका पुढे हिंदीत डब होऊन ‘स्टार प्लस’वर आली. २००३ मध्ये तिचा देशी अवतार आला, ‘करिश्मा का करिश्मा’.

घरात रोबोट आणला की कधी ना कधी प्रेमाचा विषय निघतोच. त्यात हसू का येतं, हे पाहायला ‘एंदिरन’ (हिंदीत ‘रोबोट’, २०१०) हा सिनेमा उत्तम. रजनीकांत, म्हणजे बंगळुरूच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड, त्यात शास्त्रज्ञही आहेत आणि त्याने घडवलेला चिट्टीही. चिट्टीचा जीव जडतो आपल्या निर्मात्याच्याच प्रेयसीवर, सनावर. तिला डास चावतो. चिट्टी डासांच्या घोळक्यातून नेमका तोच हुडकतो, पकडून आणतो आणि तिची माफी मागायला लावतो. ‘तुझ्यासाठी काहीही करीन’ असं प्रेमात सगळेच म्हणतात. यंत्र ते शब्दशः करून मोकळं होतं.

पण कौटुंबिक विनोदी मालिकेचा एक कडक नियम असतो. भाग संपेपर्यंत घर पुन्हा होतं तसं व्हायला हवं, म्हणजे पुढच्या आठवड्यात नवा गोंधळ घालता येतो. प्रेम तर माणसाला होता तसा ठेवत नाही. म्हणून तिथे रोबोटचं प्रेम बिघाड ठरतं. विकीच्या पाठीला उघडणारं झाकण होतं. तिचं काहीही बिनसलं की इलाज तिथेच. सिनेमाला पुढचा आठवडा नसतो, त्यामुळे चिट्टीच्या वाट्याला कुऱ्हाड येते. प्रेमापायी तो लष्करासमोरची चाचणी उधळतो आणि निर्माताच त्याचे तुकडे करतो.

२०१६ मध्ये ‘लाइफ ओके’वर आलेल्या ‘बहू हमारी रजनी_कांत’ची कल्पना मला या सगळ्यांत बोचरी वाटते. शास्त्रज्ञ मुलाने बनवलेल्या रोबोटला घरचे त्याची बायकोच समजतात. सांगितलेलं ऐकणारी, न थकणारी, स्वतःचं काही न मागणारी! सून म्हणून ती खपून जाते, यात आपल्या घरांबद्दल बरंच काही आलं. अशी सून प्रेमात पडली, तर तिला पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी हवं असेल.

ज्या नाटकाने ‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला, त्या कारेल चापेकच्या ‘आर.यू.आर.’मध्ये (१९२०) हीच गोष्ट उलट्या बाजूने घडते. तिथले रोबोट म्हणजे कारखान्यात घडवलेले मजूर. शेवटी उरलेला एकमेव माणूस, अल्क्विस्ट, हेलेना नावाच्या रोबोटला चिरून तपासायचं म्हणतो. प्रायमस हा दुसरा रोबोट आडवा येतो, मला घ्या म्हणतो. मग तो प्रायमसला न्यायला निघतो, तेव्हा हेलेना पुढे होते. अल्क्विस्ट दोघांनाही जाऊ देतो.

मजुराला स्वतःची इच्छा असते का, हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्याला नवा नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरलं की सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवरचा शेतमजूर, वर्षभर मालकाचा. हाक कधीही यायची आणि ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. शहादा-तळोद्याच्या भिल्ल मजुरांनी ते ‘नाही’ म्हटलं. अंबरसिंग सुरतवंतींसारखे नेते त्यांच्यातूनच उभे राहिले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली, मजुरी आणि गेलेल्या जमिनींसाठी लढे झाले. बायकांनी दारूचे अड्डे फोडले, नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध उभ्या राहिल्या.

म्हणून वाटतं, अशा रोबोटची गोष्ट इथे घडावी. नंदुरबारच्या मिरची पथारीवर किंवा शहाद्याच्या पपईच्या बागेत कामाला आणलेला, अहिराणी बोलणारा, प्रेमात पडून कामाला नकार देणारा रोबोट. मालक पाना घेऊन त्याची पाठ उघडायला निघाला की घरातल्या आजीने, एका सालदाराच्या लेकीने, मध्ये उभं राहावं. आपल्या मालिकालेखकांनी हा भाग लिहावा, आणि पुढच्या आठवड्यात तो पुसून टाकू नये.