झाड नसेल तिथली झोळी

झोळी मराठी माणसाला नवी नाही. बांधावरच्या लिंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, तान्हं तिच्यात निजवायचं आणि आईने खुरपणीला लागायचं, ही रीत कैक पिढ्यांची आहे. ट्रेकर मंडळी जिला हॅमॉक म्हणतात ती मोठ्या माणसाच्या मापाची झोळीच. शब्द तेवढा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून आला. १४९२ मध्ये कोलंबस त्या बेटांवर पोचला, तेव्हा तिथली माणसं टांगलेल्या जाळ्यांत झोपताना त्याच्या खलाशांनी पाहिली. पुढे १५९७ मध्ये इंग्लंडच्या आरमाराने ही झोळी आपल्या जहाजांवर आणली, कारण हेलकावणाऱ्या जहाजात खाटेपेक्षा टांगलेलं कापड बरं. ओल, मुंग्या, विंचू आणि साप यांच्यापासून माणसाला हातभर वर उचलणं ही या वस्तूची मूळ करामत. मग झाडच नसेल तिथे हॅमॉक निरुपयोगी ठरतो असं कुणालाही वाटेल, आणि बहुतेकांना तसं वाटतंही. ते बरोबर नाही, एवढंच मला इथे नीट मांडायचं आहे.

कॅम्पिंगसाठी मिळणारा हॅमॉक उघडून पाहिला तर त्यात चार वेगवेगळ्या वस्तू निघतात: अंगाखालचं नायलॉनचं कापड, त्याला शिवलेली किंवा वेगळी मच्छरदाणी, वरून ताणायची टार्प म्हणजे हलकी ताडपत्री, आणि झाडाला गुंडाळायचे पट्टे व दोऱ्या. झाडाची गरज लागते ती फक्त चौथ्या वस्तूला. बाकी तिघी आपापलं काम जमिनीवरही करू शकतात. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे कळणं महत्त्वाचं, कारण आपल्याकडे रान आणि उघडा माळ इतके लागून असतात की दुपारी कारवीच्या जाळीतून आणि दाट झाडीतून वर चढलेली वाट संध्याकाळी जांभ्याच्या सड्यावर नेऊन सोडते. तिथे गुडघाभर गवत, मधेच एखादं वाऱ्याने वाकलेलं झुडूप आणि बाकी आभाळ. गडमाथ्यांचंही पुष्कळदा तसंच. धरणांचे काठ तर पाणी ओसरलं की अगदी उघडे पडतात.

अशा ठिकाणी पहिला मोह होतो तो काहीतरी शोधून हॅमॉक टांगायचाच. मनगटाएवढं झुडूप, पडक्या वाड्याचा खांब, तटबंदीतला सुटा दगड, यातलं काहीही मग झाडासारखं दिसू लागतं. इथे थोडं गणित पाहायला हवं, कारण झोळीच्या दोरीवर नेमका किती ताण येतो याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमी चुकतो. सत्तर किलोचा माणूस झोळीत आहे आणि दोन्ही दोऱ्या आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करतात असं धरू. वजन दोघींत वाटलं गेलं म्हणजे प्रत्येकीवर पस्तीस किलो, असं आपण मनात म्हणतो. प्रत्यक्षात प्रत्येक दोरीवर सत्तर किलोचा ताण येतो, आणि त्यातला जवळपास साठ किलोचा ओढा आडवा, म्हणजे खांबाला आतल्या बाजूला पाडू पाहणारा असतो. झोळी आणखी घट्ट ताणून कोन दहा अंशांवर आणला, तर तोच ताण प्रत्येक बाजूला दोनशे किलोपर्यंत चढतो. जिवंत झाडाची मुळं हे सहज पेलतात. वरून येणारा भार झेलण्यासाठी रचलेली भिंत किंवा खांब मात्र असा आडवा ओढा सोसायला बांधलेला नसतो. अमेरिकेत ओहायो राज्यात २०२० साली हॅमॉक बांधलेला विटांचा खांब कोसळून दोन लहान बहिणींचा जीव गेला. आपल्या किल्ल्यांचे शेकडो वर्षांचे, चुना निघून गेलेले दगड याहून भरवशाचे मानायला काहीच आधार नाही. शिवाय तो वारसा आहे, त्याला आपल्या एका रात्रीच्या झोपेसाठी दोर लावणं मला गैर वाटतं.

झोळी जमिनीवर उतरवली की हे सगळं गणितच बदलून जातं. अंगाचं सत्तर किलो वजन आता जमीन घेते. वर धरून ठेवायची असते ती केवळ मच्छरदाणी, काहीशे ग्रॅमची, आणि टार्प, जी फार तर किलोभर. एवढ्याला चढताना वापरलेल्या दोन काठ्या पुरतात. एक काठी उशाला आणि एक पायथ्याला उभी करायची, दोन्हींच्या टोकांवरून टार्पची मधली दोरी ताणून न्यायची आणि पुढे जमिनीकडे तिरकी उतरवून बांधायची. काठी एका बाजूला आतल्या दोरीने आणि दुसऱ्या बाजूला बाहेरच्या दोरीने ओढली जाते, म्हणून ती उभी राहते. तिच्यावर दाब येतो, पण तिला पाडणारा ओढा दोन्हीकडून फिटतो. पुष्कळ हॅमॉकना डोक्यापासून पायापर्यंत वरून जाणारी एक बारीक दोरी असते, रिजलाइन म्हणतात ती. मच्छरदाणी तिच्यावरच तोललेली असते. ही दोरी त्याच काठ्यांना बांधली की जाळी अंगापासून वर राहते. जांभ्यात किंवा काळ्या कातळात मेख शिरत नाही, तेव्हा दोरीचं टोक डोक्याएवढ्या दगडाला गुंडाळून त्याच्यावर दुसरा दगड ठेवावा. टार्प बुटकी ठेवावी आणि वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवावी. कोकणातलं इरलं पाठीवर घेऊन वाकलेला लावणीवाला डोळ्यांपुढे आणला की हा आकार वेगळा समजवावा लागत नाही.

खरी अडचण थंडीची आहे, आणि तिचाच विचार सगळ्यात कमी होतो. टांगलेल्या झोळीत पाठीखालून वारा जातो. त्यावर उपाय म्हणून सराईत लोक झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला, एक हलकी दुलई टांगतात. तिला अंडरक्विल्ट म्हणतात. ती ऊब देते कारण तिच्यातले कृत्रिम तंतू किंवा पिसं फुगलेली असतात आणि त्यांच्यात हवा अडकून राहते. जमिनीवर तीच दुलई अंगाच्या भाराने चपटी होते, हवा निघून जाते आणि महागातली वस्तू साध्या चादरीच्या मोलाची उरते. स्लीपिंग बॅगच्या खालच्या बाजूचंही तसंच होतं. म्हणून झाड मिळेलच याची खात्री नसेल तेव्हा फोमची मॅट सोबत असलीच पाहिजे. तिच्यातले हवेचे बारीक कप्पे बंद असतात, ते वजनाने दबून जात नाहीत. गावाकडे अंथरुणाखाली भाताचा पेंढा पसरतात किंवा धनगर उघड्या माळावर घोंगडी दुहेरी करून निजतो, त्यामागेही हीच जाण आहे: पांघरुणाइतकंच अंथरूणही जाड हवं. उघड्यावरच्या थंडीचं आणखी एक कारण थेट वर, आभाळात असतं. निरभ्र रात्री जमीन, गवत आणि आपलं पांघरूण आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि हवेपेक्षाही थंड होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे गवतावरचं दव गोठलेलं दिसतं ते यामुळेच. टार्प या पाझराला आडवी येते, म्हणून पावसाचा मागमूस नसलेल्या जानेवारीतही ती ताणावी. आणि खोलगट जागा, कितीही आडोशाची वाटली तरी, टाळावी, कारण थंड हवा जड असते आणि रात्री तिथेच येऊन साचते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. झोळी मुळात जमिनीवरच्या जिवांपासून दूर राहण्यासाठी असेल, तर ती जमिनीवर टाकणं म्हणजे तिचा हेतूच घालवणं नव्हे का? वर टांगलेली झोळी या बाबतीत अधिक सुरक्षित, हे मान्यच आहे. पण जमिनीवर उघड्याने झोपणं आणि जाळी शिवलेल्या हॅमॉकमध्ये झोपणं यांत मोठं अंतर आहे. आपल्याकडे रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसांना मण्यार चावण्याच्या घटना जुन्या आहेत. हा साप रात्री भक्ष्य शोधत हिंडतो, त्याचा दंश फारसा दुखत नाही, त्यामुळे कित्येकदा झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. आग्नेय नेपाळमधल्या गावांचा अभ्यास करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी असल्याचं दिसलं. तिथे मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचावी लागते. हॅमॉकमध्ये जाळी आणि तळाचं कापड एकत्र शिवलेलं असेल तर खोचायलाही काही उरत नाही, फक्त चेन पूर्ण ओढलेली असावी. डासांच्या बाबतीत तर जमीन थोडी सरसच ठरते, कारण टांगलेल्या झोळीत पाठीला ताणून बसलेल्या पातळ कापडातून डास खालून चावतात आणि इथे मधे मॅट असते.

धोका झोपेत कमी आणि तयारीत जास्त असतो. टार्पला वजन म्हणून आपण जे दगड उचलतो, नेमके त्यांच्याच खाली तांबडा विंचू दिवसभर दडलेला असतो, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर फुरसंही. कोकणात या विंचवाच्या दंशाने एके काळी पुष्कळ मृत्यू होत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यावर ते चित्र पालटलं. औषध आहे, पण सड्यावरून दवाखाना काही तासांच्या वाटेवर असतो. म्हणून दगड उजेड असतानाच गोळा करावेत, आधी काठीने उलटवावेत आणि मगच हात घालावा.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ तंबू का नेऊ नये, असं कुणी विचारेल. सगळेच मुक्काम उघड्या माळावर असतील तर तंबूच न्यावा, त्यात दुमत नाही. तंबूचा तळ पाणी अडवतो आणि त्याच्या कडा वर वळलेल्या असतात. हॅमॉकचं कापड श्वास घेणारं, म्हणजेच पाणी आत येऊ देणारं. पावसाळ्यात सड्यावरून पाण्याचा पातळ थर वाहत असतो, त्या दिवसांत जमिनीवरचा हॅमॉक हा उपाय नाहीच. माझं म्हणणं ऑक्टोबरच्या अखेरीपासूनच्या कोरड्या महिन्यांपुरतं, आणि एक रात्र झाडीत तर दुसरी उघड्यावर अशा मिश्र वाटेपुरतं आहे. अशा वाटेवर दोन्ही बिऱ्हाडं पाठीवर घेणं शक्य नसतं. हॅमॉकसोबत फोमची मॅट आणि खाली अंथरायला जाड प्लॅस्टिकचा माणसाएवढा तुकडा घेतला की भार अर्धा-एक किलोने वाढतो आणि मुक्कामाची जागा झाडांच्या मर्जीवर राहत नाही. विकत घेतानाच पाहावं की आत शिरायची वाट बाजूच्या चेनमधून आहे. काही प्रकारांत ती तळाला असते, आणि जमिनीवर टेकलेल्या तळातून आत शिरता येत नाही. दोन्ही टोकांना चुण्या घातलेलं कापड जमिनीवर सपाट पसरत नाही, पायाशी गोळा होतं, हेही खरं. टोकांच्या दोऱ्या थोड्या सैल सोडल्या की ते बरंचसं निवळतं. टांगलेल्या झोळीची मऊ झोप इथे मिळणार नाही. मिळेल ती कोरडी, जाळीच्या आतली, उबदार झोप, आणि उघड्यावरच्या रात्रीकडून मी एवढीच अपेक्षा ठेवीन.

जागेबद्दल मात्र एक गोष्ट कुठल्याही सोयीपेक्षा वरची मानायला हवी. सडा उजाड दिसतो, तसा तो नसतो. कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवे, गेंद अशा इवल्या वनस्पतींचं सगळं आयुष्य पावसाच्या चार महिन्यांत उरकतं, आणि त्यांतल्या काही जाती पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच नाहीत. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे तो यामुळेच. फुलांच्या हंगामात अशा ठिकाणी पथारी पसरूच नये, आणि एरवीही वनखात्याची परवानगी घेऊन, मातीऐवजी उघड्या कातळावर किंवा आधीच तुडवलेल्या जागेवर झोपावं. उचललेला दगड सकाळी जिथला तिथे, ज्या अंगावर होता त्याच अंगावर ठेवावा. त्याच्याखालचं बिऱ्हाड आपल्या आधीचं आहे.

राहिलं कुसळ. पावसाळा सरला की सह्याद्रीतलं गवत वाळतं आणि त्याची टोकदार बी कापडात सुईसारखी घुसते, घुसली की आतच सरकत जाते. हवा भरायची गादी त्यापुढे एक रात्रही टिकेल असं नाही, फोमच्या मॅटला तिची पर्वा नसते. हॅमॉकचं कापड मात्र नाजूक. खाली प्लॅस्टिक असलं तरी सकाळी ते उलटं करून दव वाळवावं, कुसळं एकेक करून उपटावीत आणि मग कापड दोन्ही हातांनी उन्हासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत पाहावं. टाचणीएवढा उजेड आरपार दिसला तर तिथे लगेच चिकटपट्टी लावून खूण करावी. जमिनीवर त्या भोकाने काही बिघडलं नव्हतं. पुढच्या रात्री दोन झाडांमध्ये झोळी पुन्हा टांगली की अंगाचं सगळं वजन त्याच्या कडांवर येतं आणि टाचणीचं भोक हातभर फाटायला वेळ लागत नाही. पट्टी लावलेली झोळी पुढे पुन्हा जमिनीवर वापरायला हरकत नाही, पण नीट दुरुस्त होईपर्यंत ती टांगू नये.