चौशिंग्याचे प्राचीन आप्त

भोर आणि वेल्हे यांच्या परिसरात राजगड व तोरणा यांचे उंच कडे दृष्टीस पडतात. त्या कड्यांवर पायऱ्यांसारखे आडवे थर स्पष्ट दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त शिलारस वारंवार बाहेर येऊन पसरला आणि थिजला. त्याचेच हे थर होत. हे कडे कितीही फोडले, तरी त्यांत हरणासारख्या प्राण्याचे एकही हाड मिळणार नाही. कारण असे प्राणी पृथ्वीवर अवतरण्यापूर्वीच हा खडक तयार झाला होता.

मग त्या प्राण्यांच्या पूर्वजांचा शोध कोठे घ्यावयाचा? हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या टेकड्या आहेत. त्या नद्यांनी आणलेल्या गाळाच्या बनलेल्या आहेत. मेलेल्या पशूंची हाडे व दात त्या गाळात गाडले गेले आणि कालांतराने दगडासारखे कठीण झाले. अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात. त्यांच्या अभ्यासावरून पिलग्रिम या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने १९३७ साली कुरंगांच्या एका नष्ट झालेल्या प्रजातीला ‘ट्रॅगोपोर्टॅक्स’ असे नाव दिले. सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी हे दुखुरी प्राणी शिवालिकच्या प्रदेशात चरत असत. त्यांची शिंगे मागे झुकलेली व बाजूंनी काहीशी चपटी होती. त्यांचे अवशेष ग्रीस व स्पेन या दूरच्या देशांतही सापडले आहेत.

पुढे हवामान पालटले. सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीपासून शिवालिक प्रदेशातील झाडी विरळ होत गेली आणि गवताळ माळ पसरू लागले. पाला खाणाऱ्या व गवत खाणाऱ्या पशूंच्या दातांत निरनिराळ्या खुणा उरतात. त्यांवरून हा पालट समजतो. झाडीच्या आश्रयाने राहणारे अनेक प्राणी तेथून नाहीसे झाले. कालांतराने ट्रॅगोपोर्टॅक्सही उरला नाही.

परंतु कुरंगांच्या त्या शाखेचा सर्वस्वी उच्छेद झाला नाही. नीलगाय आणि चौशिंगा हे तिचे दोन वंशज आजही जिवंत आहेत. चौशिंगा केवळ भारत व नेपाळ या देशांतच आढळतो. नराला कानांजवळ दोन आणि कपाळावर दोन अशी चार शिंगे असतात. महाराष्ट्राच्या काही रानांत हा लाजाळू प्राणी अजून वावरतो; मात्र झाडी तुटत चालल्याने त्याची संख्या घटत आहे.

शिवालिकच्या गाळाने नष्ट झालेल्या कुरंगांची निदान आठवण तरी जपली. सह्याद्रीची पावसाने धुतलेली तांबडी माती हाडे फार काळ टिकू देत नाही. येथील चौशिंगा नाहीसा झाला, तर त्याची खूणही मागे राहणार नाही. म्हणून त्याचे रान राखणे हाच त्याला राखण्याचा खरा उपाय होय.