हृदयविकारात दाह खरा, पण प्रतिजैविक हा उपाय नव्हे

‘ब्लॉकेज’ म्हणजे नळात साचलेला गाळ, हा धमनीविकाराबद्दलचा सर्वांत रुजलेला गैरसमज. प्रत्यक्षात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण धमनीच्या अस्तराखाली शिरतात आणि त्यांना गिळायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. गिळून गिळून त्या फुगतात, मरतात आणि मागे चरबीचा मऊ गाभा उरतो. त्यावरचे आवरण दाहामुळे, म्हणजे शरीराच्या सूज आणणाऱ्या प्रतिक्रियेमुळे, पातळ होते. ते फाटले की तिथे रक्त गोठते आणि झटका येतो. म्हणूनच फारशी न चोंदलेली धमनीही घात करू शकते. दाह हा रोगाचा नुसता परिणाम नसून कारणही आहे, हे २०१७च्या ‘कॅन्टोस’ चाचणीने दाखवले. आधी झटका येऊन गेलेल्या आणि दाह दाखवणारे सीआरपी हे रक्तातले प्रथिन वाढलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर ती झाली. कॅनाकिनुमॅब या दाहशामक औषधाच्या मधल्या मात्रेने, एलडीएल न घटताही, झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी उतरले.

दाह आहे म्हणजे जंतू असणारच, मग प्रतिजैविकांचा कोर्स का करू नये? हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. क्लॅमिडिया न्यूमोनिए हा फुप्फुसांना ग्रासणारा जीवाणू धमन्यांतल्या थरांत सापडला, तेव्हा आशा बळावली. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत प्रत्येकी चार हजारांवर रुग्ण होते. एकीत वर्षभर दर आठवड्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन, तर दुसरीत दर महिन्याला काही दिवस गॅटिफ्लॉक्सासिन दिले गेले. झटके कमी झाले नाहीत. जंतू जागेवर सापडला म्हणून रोग त्यानेच केला, असे ठरत नाही. घशातल्या जीवाणूसंसर्गानंतर होणाऱ्या रुमॅटिक फीवरचे काय, असे कोणी विचारेल. तिथे पेनिसिलिन खरोखर हृदय वाचवते, पण तो झडपांचा आजार आहे, धमन्यांचा नव्हे.

मात्र संसर्गाचा काही संबंधच नाही, असे म्हणणे ही उलट बाजूची चूक. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या, २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत झटक्याचा धोका एरवीच्या सहापट आढळला. तापात हृदयाचे ठोके वाढतात, रक्त लवकर गोठू लागते आणि आधीच नाजूक झालेल्या आवरणावर ताण येतो. वर्षानुवर्षे साठलेला थर फुटायला फ्लूचे एवढे निमित्त पुरते. २०२१च्या एका चाचणीत झटक्यानंतर लगेच फ्लूची लस दिलेल्यांत वर्षभरातले मृत्यू ४१ टक्क्यांनी कमी होते.

दाहच शमवायचा तर घरातली वेदनाशामक गोळी घ्यावी, हा तर्क सर्वांत घातक. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या सूज उतरवतात, पण झटक्याचा धोका वाढवतात. सगळे दाह सारखे नसतात: मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या दाहशामक औषधाने हृदयरुग्णांना फायदा झाला नाही, आणि कॅनाकिनुमॅबने प्राणघातक संसर्ग वाढवले. दाहाचे महत्त्व कळले म्हणून कोलेस्टेरॉलचे कमी होत नाही, कारण दाहाला सुरुवात तेच करून देते. म्हणून हृदयरुग्णाने कोलेस्टेरॉल घटवणारे स्टॅटिन मनाने बंद करू नये, तंबाखू सोडावी, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवावी आणि दरवर्षीच्या फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.