भाऊंची माटोळी

गोवा म्हटले की बाहेरच्या मराठी माणसाला समुद्रकिनारे, मंगेशी-शांतादुर्गेची देवळे आणि जुन्या गोव्याची चर्चे आठवतात. पेडणे आणि डिचोली ही नावे त्या मानाने कमी कानांवर पडतात. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती उशिरा, अठराव्या शतकाच्या अखेरीस गेला. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये. उत्तरेस तेरेखोलची खाडी, दक्षिणेस मांडवी आणि मधून वाहणारी शापोरा नदी, एवढ्या टापूत माझ्या वडिलांनी जवळजवळ सारे आयुष्य पायी चालून काढले. चुलतभावंडे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून आम्हीही भाऊच म्हणत असू.

भाऊ प्राथमिक शिक्षक. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि खेडोपाडी सरकारी मराठी शाळा उघडू लागल्या. त्या लाटेत, १९६३ साली, ते नोकरीस लागले. पुढची अडतीस वर्षे त्यांच्या बदल्या या दोन तालुक्यांतच होत राहिल्या. लोक बदलीच्या हुकुमाला भीत. भाऊ मात्र नवे गाव कळताच तेथे जाणाऱ्या पायवाटा कोणत्या, याची चौकशी करीत.

रविवार आमचा. केरीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून तेरेखोलच्या किल्ल्यावर जावे; १९५४ च्या स्वातंत्र्यदिनी सत्याग्रह्यांनी तेथे तिरंगा कसा फडकविला, ते तटावर बसून ऐकावे. कधी हरवळ्याचा धबधबा आणि जवळची जांभ्या दगडात कोरलेली लेणी. कधी नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ, ज्याचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी करविला. परंतु देवळापेक्षा देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचा वेळ अधिक जाई. कुठल्या झाडाचे पान चुरडल्यावर कसला वास येतो, कुठल्या झऱ्याचे पाणी वैशाखातही आटत नाही, हे त्यांना तोंडपाठ होते. मूल दमले की ते रागावत नसत. "बसू या, डोंगर कुठे पळून जातो?" एवढेच म्हणत.

या भटकंतीचा कळस म्हणजे चतुर्थीची माटोळी. आमच्याकडे गणपतीच्या मूर्तीवर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली व परसातली फळे, फुले, पाने बांधतात. नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, तोरिंगण, आंबाडे, चिबूड ही परसातली मंडळी; कांगलां, माट्टी, कवंडळे, घागऱ्या ही रानातली. बाजारात हे सारे विकत मिळते. भाऊंनी ते कधी विकत आणले नाही. श्रावण सरता सरता ते आम्हाला घेऊन रानात जात. त्यांचा नियम एकच : सापडेल त्यातले अर्धे झाडावर राहू द्यायचे. "पुढच्या चतुर्थीला देवाला काय बांधणार?" असे ते विचारीत. कोणती वस्तू कोणत्या डोंगरावर, कोणाच्या बांधावर, कोणत्या पंधरवड्यात मिळते, याच्या नोंदी त्यांनी एका लांबट वहीत करून ठेवल्या होत्या. जागेच्या नावापुढे मालकाचे नाव असे, कारण विचारल्यावाचून ते कुणाच्या बांधावरून काही तोडीत नसत.

डिचोलीकडच्या शाळेत असताना त्यांना एक मित्र मिळाला. आम्ही त्यांना डिचोलीचे काका म्हणत असू. काका खनिजाचा टिपर चालवीत. डिचोली तालुक्याचे डोंगर लोहखनिजाचे. पायवाटा खाणींच्या पोटात जात होत्या, तांबडी धूळ पानापानावर बसत होती आणि काही गावांतल्या विहिरी कोरड्या पडत होत्या. भाऊंच्या वहीतल्या कितीतरी जागा अशा पुसल्या गेल्या. ज्या डोंगरावर भाऊंनी आम्हाला कांगलां दाखविली, त्याच डोंगराची माती काका बार्जवर भरण्यासाठी धक्क्यावर नेत. तरी या दोघांची मैत्री तीस वर्षे टिकली. एकदा मी न राहवून भाऊंना विचारले, "तुम्हाला त्यांचा राग येत नाही?" ते म्हणाले, "त्याच्या घरी सहा तोंडे आहेत. डोंगर त्याने नाही विकला. राग करायचाच तर माणूस नीट शोधून करावा." काका आले की दोघे पडवीत बसत, बोलणे खाणीवर क्वचितच येई. धूळ बसलेल्या रस्त्याकडेच्या झाडांवर यंदा मोहोर किती, हे काका मात्र न विचारता सांगत.

२०१२ च्या आरंभी भाऊंना भाकरीचा घास गिळताना अडखळल्यासारखे होऊ लागले. पुढे भातही उतरेना. अन्ननलिकेच्या कर्करोगाची ही खूण असते : प्रथम घन पदार्थ अडतात, मग मऊ, शेवटी पाणीसुद्धा. हे लक्षण दोन-तीन आठवडे टिकले तर वय झाले असे म्हणून बसू नये, तज्ज्ञांस दाखवावे, एवढे वाचकांस आवर्जून सांगते. तंबाखू आणि मद्य यांनी या रोगाचा धोका वाढतो. भाऊ दोहोंनाही शिवले नव्हते. समाचाराला येणारे विचारीत, "मग यांना झालाच कसा?" त्या प्रश्नात रोग्यालाच जाब विचारल्यासारखे काही असे. भाऊ हसून म्हणत, "वीज पडते ती काय झाडाचे वर्तन पाहून पडते?"

मुंबईस, १९४१ पासून रुग्णसेवा करणाऱ्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घ्यायचे ठरले. पेडणे स्थानकावरून गाडी पकडली. पेडण्याच्या बोगद्याने मऊ मातीमुळे कोकण रेल्वेच्या अभियंत्यांना जेरीस आणले होते. तो खोदला जात असताना भाऊ अनेकदा तेथे जाऊन उभे राहिले होते. १९९८ मध्ये रेल्वे सुरू झाली तेव्हा त्यांना मुलासारखा आनंद झाला होता. आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली दुखणाईत माणसे तेथे होती. भाऊंनी पहिल्या आठवड्यातच त्यांच्यातल्या दोघातिघांना त्यांच्या गावची झाडे विचारून घेतली.

किरणोपचार झाले, औषधे झाली. थोडा उतार पडला आणि पुन्हा रोग उलटला. आमच्या घरांतून रोग्यापासून रोगाचे नाव लपविण्याची रीत आहे. भाऊंनी ती चालू दिली नाही. त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारले, "आणखी उपचार घेतले तर किती दिवस मिळतील आणि ते कुठे काढावे लागतील?" डॉक्टरांनीही मोकळेपणाने सांगितले. माझ्या भावाला मुंबईत राहून झुंज द्यावीशी वाटत होती. आईचे डोळे कोरडे होत नव्हते. भाऊ म्हणाले, "दिवस मोजायचे तर घरी मोजू. तिथे निदान पाऊस दिसेल." नाकातून घातलेल्या नळीने पातळ अन्न घेत ते पेडण्यास परतले.

त्या सप्टेंबरात गोव्यातले खाणकाम थांबले. प्रथम राज्य सरकारने ते स्थगित केले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. डोंगरांना उसंत मिळाली. काकांचा टिपर मात्र अंगणात उभा राहिला आणि कर्जाचे हप्ते थांबेनात. ज्याची भाऊंनी आयुष्यभर वाट पाहिली असे आम्हाला वाटे, ते घडले होते; पण त्यांनी आईला बोलावून सांगितले ते एवढेच, की काकांच्या धाकट्याची कॉलेजची फी आपल्या निवृत्तिवेतनातून जावी आणि त्याची वाच्यता होऊ नये.

चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. त्या वर्षी आमची माटोळी बाजारातून आणायचे ठरले होते. आदल्या दिवशी काका आले ते पाठीवर गोणी घेऊन. हातात काम नव्हते म्हणून आठ दिवस रानात हिंडलो, असे ते म्हणाले. भाऊंनी पलंगावर पडल्या पडल्या एकेक वस्तू हाती घेतली, वास घेतला आणि विचारले, "अर्धे ठेवलेस ना?" काका म्हणाले, "होय मास्तर, ठेवले." जेवण घशाखाली न उतरणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी तृप्ती पाहिली.

जानेवारीत त्यांनी मोरजीचा किनारा पाहण्याची इच्छा बोलून दाखविली. थंडीच्या महिन्यांत तेथे समुद्रकासवे रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात, एका खड्ड्यात शंभराच्या आसपास. एके काळी ती अंडी लोक उकरून नेत. पुढे ग्रामस्थ आणि वनखाते मिळून त्यांची राखण करू लागले. काकांनी आणि माझ्या भावाने भाऊंना खुर्चीसकट उचलून वाळूवर नेले. कासव दिसले नाही. कुंपण घातलेला खड्डा तेवढा दिसला. पिल्ले बाहेर पडण्यास सुमारे पन्नास दिवस लागतात. भाऊंनी बोटांवर हिशेब केला आणि काही न बोलता समुद्राकडे पाहत राहिले. फेब्रुवारीत, पिल्ले निघण्यापूर्वी, ते गेले. वय एकोणसत्तर.

ती वही आम्हा भावंडांपैकी कुणाला मिळेल असे वाटले होते. भाऊंनी ती काकांना दिली. जाण्याच्या आधी त्यांनी मला समजावून सांगितले होते : "तुम्ही सारे बाहेरगावी. वही जिथली आहे तिथेच राहू दे." प्रथम मला वाईट वाटले. आज त्यातले शहाणपण कळते. आपण बाहेरगावची मराठी माणसे गावाच्या आठवणी बरोबर नेतो, पण झाडे, झरे आणि बांधावरचे शेजारी नेता येत नाहीत; ते सांभाळणारे कुणी मागे लागते.

भाऊ आम्हाला ज्या मोपाच्या पठारावर नेत, तेथे २०२३ पासून विमाने उतरतात. विमानतळाला नाव आहे मनोहर पर्रीकरांचे. तेही २०१९ मध्ये कर्करोगानेच गेले. चतुर्थीला मी त्याच पठारावर उतरते. काका आता थकले आहेत, टिपर केव्हाच विकला. त्यांचा धाकटा रानात जातो आणि वहीत भाऊंच्या अक्षराखाली आपल्या अक्षरात नवी जागा लिहितो. पुढे मालकाचे नाव असतेच.