शिक्षकांचे सेवांतर्गत प्रशिक्षण : अध्यापन तंत्रे, तंत्रज्ञान आणि वर्गातील उपयोजन

प्रस्तावना

अध्यापनाची पदविका किंवा बी.एड. पूर्ण करून शिक्षक सेवेत रुजू होतो, तेव्हा पुढील तीस-पस्तीस वर्षांची शिदोरी त्याच्याजवळ नसते. या काळात अभ्यासक्रम बदलतो, पाठ्यपुस्तके बदलतात, मूल्यमापनाची पद्धत बदलते आणि वर्गात येणारी मुलेही बदलतात. म्हणून सेवांतर्गत प्रशिक्षण आवश्यक मानले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

अशा प्रशिक्षणात महाविद्यालयीन प्राध्यापकांना तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून अनेकदा बोलावले जाते. स्वागत, व्याख्यान, पडद्यावरील सादरीकरण, शंकासमाधान, आभार आणि प्रमाणपत्र असा क्रम ठरलेला असतो. शिक्षक समाधानाने परततात. परंतु दुसऱ्या दिवशीचा तास बहुधा पूर्वीसारखाच होतो. यात शिक्षकाचा आळस किती आणि प्रशिक्षणाच्या रचनेचा दोष किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भारतातील वाटचाल

तंत्रज्ञानाच्या साहाय्याने शिक्षक-प्रशिक्षण ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत राबविला गेला. त्यात कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर, विजापूर ही जिल्हाक्षेत्रे व आंध्र प्रदेशातील हैदराबादच्या आसपासचा भागही होता. या प्रयोगात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण घेण्यात आले. केवळ पडद्यावर कार्यक्रम दाखवून आयोजक थांबले नाहीत. दूरचित्रवाणीच्या जोडीला रेडिओ, छापील कृतिपुस्तिका आणि केंद्रावर मार्गदर्शक शिक्षक अशी योजना होती. यंत्र आणि माणूस दोघेही लागतात, ही समज त्या वेळी होती.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजेच ‘डाएट’, उभ्या राहिल्या. २००१ मध्ये सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानाने गट व समूह साधन केंद्रांना बळ दिले व शिक्षकांसाठी वर्षाला २० दिवसांपर्यंतच्या प्रशिक्षणाची तरतूद केली. सप्टेंबर २००४ मध्ये शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडण्यात आला. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे डिजिटल व्यासपीठ सुरू झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे लक्ष्य ठेवून ‘निष्ठा’ उपक्रम सुरू झाला आणि कोविडच्या काळात, २०२० मध्ये, तो ‘दीक्षा’वरून ऑनलाइन घेण्यात आला. सारांश, योजनांची व साधनांची उणीव हे अपयशाचे एकमेव कारण म्हणता येत नाही.

प्रशिक्षण वर्गापर्यंत का पोहोचत नाही?

पहिले कारण प्रशिक्षणाच्या उतरंडीत आहे. राज्यस्तरावर तयार झालेले तज्ज्ञ जिल्ह्याला, जिल्ह्याचे तालुक्याला आणि तालुक्याचे केंद्राला प्रशिक्षण देतात. प्रत्येक पायरीवर वेळ कमी होतो. वेळ कमी झाला की प्रथम प्रात्यक्षिक गळते, नंतर चर्चा गळते आणि शेवटी उरते ते फक्त व्याख्यान. गटकार्याचे महत्त्व एकतर्फी भाषणातून सांगितले जाते, ही विसंगती अनेकांच्या परिचयाची आहे. ऑनलाइन प्रशिक्षणाने ही उतरंड टाळता आली. पण चित्रफीत पाहणे आणि कौशल्य अंगी बाणणे यांतील अंतर मात्र कायम राहिले.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. अमेरिकन अभ्यासक ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० मध्ये सेवांतर्गत प्रशिक्षणाविषयीच्या संशोधनाचा आढावा घेऊन परिणामकारक प्रशिक्षणाचे पाच घटक मांडले : सिद्धान्ताचे विवेचन, प्रात्यक्षिक, सराव, त्या सरावावर प्रतिसाद आणि प्रत्यक्ष वर्गात उपयोजन करताना मिळणारी सोबत. आपल्याकडील बहुतांश कार्यशाळा पहिल्या दोन घटकांवर थांबतात. नवे तंत्र प्रथम वापरताना शिक्षकाचा तास बिघडतो, गोंधळ होतो, वेळ पुरत नाही. नेमक्या त्या वेळी जवळ कोणी नसते आणि शिक्षक जुन्या वाटेने परततो.

थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये आणखी एक उपयुक्त विचार मांडला. शिक्षकाचे मत आधी बदलावे आणि मग त्याची कृती बदलावी, अशी सर्वसाधारण समजूत असते. गस्की यांच्या मते क्रम उलट असतो. शिक्षक एखादी पद्धत करून पाहतो, मुलांच्या शिकण्यात फरक दिसतो आणि मग त्याचा विश्वास बसतो. म्हणून शिक्षकाला पटवीत बसण्यापेक्षा त्याच्या हाती आठवडाभरात करून पाहण्याजोगी लहान कृती देणे अधिक फलदायी ठरते.

वर्गातील एक उदाहरण

समजा, उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावीच्या वर्गाला मराठीतील लिंगविचार शिकवायचा आहे. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. दोन्ही भाषांत समान असलेले शब्दच येथे मुलांना चकवतात. ‘दुकान’ उर्दूत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. ‘शहर’, ‘मैदान’, ‘वजन’ हे उर्दूत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. म्हणून मूल ‘दुकान बंद होती’, ‘शहर मोठा आहे’ असे म्हणते. हे अज्ञान नव्हे; घरच्या भाषेचा नियम ते नव्या भाषेला लावत असते. उलट ‘तारीख’, ‘किंमत’, ‘खबर’ हे शब्द दोन्हींकडे स्त्रीलिंगीच आहेत आणि ‘बाजार’ दोन्हींकडे पुल्लिंगी आहे.

नियम फळ्यावर लिहून देण्याऐवजी येथे ‘विचार करा, जोडीदाराशी बोला, वर्गाला सांगा’ हे तंत्र वापरता येते. हे तंत्र फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडले. फळ्यावर आठ शब्द लिहावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन मिनिटे स्वतंत्रपणे त्यांचे ‘दोन्हींकडे सारखे’ आणि ‘मराठीत बदलणारे’ असे दोन गट पाडावेत. मग तीन मिनिटे जोडीदाराशी चर्चा करून प्रत्येक शब्दाचे एक वाक्य तयार करावे. शेवटी निवडक जोड्यांनी ती वाक्ये वाचावीत. एरवी तासाला चार-पाच हुशार मुले बोलतात. येथे प्रत्येक मुलाला बोलावेच लागते.

याला जोड हवी ती थांबण्याची. मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. ही प्रतीक्षा तीन सेकंद किंवा अधिक केली की उत्तरे लांबतात, न बोलणारी मुले बोलू लागतात. दुसऱ्या भाषेत उत्तर देणाऱ्या मुलाला तर शब्दही शोधायचा असतो. त्याच्यासाठी हे तीन सेकंद फार मोलाचे असतात आणि त्यांना कोणतेही यंत्र लागत नाही.

तंत्रज्ञानाचे स्थान

ली शुलमन यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की, विषयाचे ज्ञान व अध्यापनाचे ज्ञान यांच्या मिलाफातून शिक्षकाचे खास ज्ञान तयार होते. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची जोड दिली. त्यांच्या मांडणीचा व्यावहारिक अर्थ असा की, ‘हे साधन कसे चालवावे’ हा प्रश्न एकटा विचारू नये. ‘या घटकासाठी, या मुलांसाठी हे साधन काय साध्य करील’ हा प्रश्न विचारावा.

वरील उदाहरणात शिक्षकाच्या खिशातील मोबाइल पुरेसा आहे. दोन जोड्यांचे संभाषण मिनिटभर ध्वनिमुद्रित करावे. मधल्या सुट्टीत सहकारी शिक्षकासोबत ते ऐकावे. मुले कोणत्या शब्दावर अडली, शिक्षकाने किती वेळ वाट पाहिली, हे स्वतःच्या कानांनी कळते. याउलट, हेच आठ शब्द रंगीत सरकपट्ट्यांवर दाखवून शिक्षकच बोलत राहिला, तर फळा बदलला, तास बदलला नाही. मुद्रण मात्र केवळ अध्यापन सुधारण्यासाठी असावे. ते मुख्याध्यापकांच्या अनुमतीने करावे, कोणत्याही समूहावर पाठवू नये आणि ऐकून झाल्यावर पुसून टाकावे.

लिपीचा प्रश्न

उर्दू व मराठी शिक्षकांची एक अडचण प्रशिक्षणात सहसा चर्चिली जात नाही. ‘इनपेज’च्या जुन्या आवृत्त्यांत केलेला उर्दू मजकूर किंवा जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर अनेकदा वाचता येत नाही, कारण ती युनिकोडमध्ये नसते. वर्षानुवर्षे तयार केलेले साहित्य त्यामुळे एकाच यंत्रात अडकून पडते. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर मात्र मोबाइलवर वाचता येतो, शोधता येतो आणि सहकाऱ्याला दुरुस्त करता येतो. उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू व डावीकडून उजवीकडे जाणारी मराठी एकाच कृतिपत्रिकेत घ्यायची असल्यास दोन स्तंभांचा तक्ता करणे सोयीचे पडते. एका तासाच्या सरावाने हे कौशल्य येते. ते आले नाही, तर शिक्षक इतरांनी इंग्रजी किंवा हिंदीत केलेल्या साहित्यावर अवलंबून राहतो.

प्राध्यापकांची भूमिका

महाविद्यालयीन प्राध्यापकांना प्रशिक्षणाची सर्व व्यवस्था बदलता येणार नाही. आपल्या वाट्याचे दोन तास मात्र निश्चितच बदलता येतील. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

१. एकच तंत्र निवडावे. सिद्धान्ताला वीस मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये.
२. शिक्षकांनाच विद्यार्थी समजून त्या तंत्राने दहा मिनिटांचा पाठ घेऊन दाखवावा.
३. शिक्षकांनी आपापल्या पाठ्यपुस्तकातील पुढील आठवड्याचा घटक घेऊन पाठ आखावा व तो जोडीदारासमोर करून पाहावा.
४. एकाच शाळेतील किंवा जवळच्या दोन शाळांतील शिक्षकांच्या जोड्या कराव्यात. प्रत्येकाने दुसऱ्याचा एक तास पाहावा. पाहणाऱ्याने गुण देऊ नयेत. किती मुले बोलली, एवढेच मोजावे.
५. तीन आठवड्यांनी पुन्हा तासभर भेटावे व काय फसले हे मोकळेपणाने सांगावे. प्रमाणपत्र त्यानंतर द्यावे.

लहान शाळेत बदली शिक्षक मिळत नसल्याने चौथी पायरी अवघड जाते. तेथे ध्वनिमुद्रण हा व्यवहार्य पर्याय आहे.

समारोप

‘साइट’पासून ‘दीक्षा’पर्यंत साधने पालटली, परंतु शिकलेले तंत्र वर्गात रुजण्यासाठी सराव व सोबत लागते, ही अट पालटलेली नाही. प्रशिक्षणाचे यश उपस्थितीपटावरील सह्यांनी किंवा पूर्ण झालेल्या तासिकांनी मोजले, तर ५० तासही सहज भरतील. ते मोजायचे असेल, तर मागच्या बाकावरील किती मुलांनी या आठवड्यात तोंड उघडले, हे पाहावे लागेल. ‘दुकान बंद होती’ असे निर्भयपणे म्हणणारे आणि जोडीदाराशी बोलून स्वतःच ते वाक्य सुधारणारे मूल ज्या वर्गात दिसेल, त्या वर्गापर्यंत प्रशिक्षण पोहोचले, असे म्हणता येईल.