वारीच्या वाटेवर सामान मोडलं तर

ज्येष्ठ लागला की आपल्या गटांच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशेबाआधी एकच विषय निघतो, यंदा वारीला कोण कोण निघालंय? आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता. जवळजवळ तीन आठवडे चालायचं, तेही पावसापाण्यात, आणि रात्री राहुटीत झोपायचं. एवढ्या दिवसांत काही ना काही तुटणारच. आम्ही दिंडीबरोबर जातो तेव्हा दुरुस्तीचा क्रम ठरलेला असतो. आधी पाय, मग निवारा, मग चूल. बाकीचं मुक्कामाला बघू.

दिंडीचा बोजा ट्रकमध्ये असतो आणि ट्रक पुढे मुक्कामावर गेलेला असतो. म्हणून दुरुस्तीची पिशवी अंगावरच हवी. तिच्यात दाभण, जाड नायलॉनचा दोरा, सुतळी, चार-पाच मोठ्या सेफ्टी पिना, चिकटपट्टी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठेवा. ट्यूब सायकलवाल्याकडे बहुतेक फुकट मिळते.

पुणे ते सासवड हा टप्पा लांबचा, त्यात दिवे घाटाची चढण. चपला इथेच दगा देतात. रबरी चपलेचा अंगठ्याजवळचा पट्टा निसटला तर तो परत भोकातून खाली ओढा आणि तळाच्या बाजूने त्याच्या मुळातून सेफ्टी पीन आडवी घालून बंद करा. पीन वर टोचत नाही ना, हे हात फिरवून बघा. तळवा उसवला तर डिंक लावत बसू नका, ओल्यात तो धरत नाही. ट्यूबची पट्टी ताणून दोन वेढे द्या, मुक्कामाला दाभणाने शिवा. अनवाणी चालण्याचा नवस असेल त्यांचं आम्ही काही म्हणत नाही, पण साखरेचा आजार असलेल्या बाईने तुटक्या चपलेपायी अनवाणी चालू नये. तिच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, जखम झाली तरी कळत नाही. तिच्यासाठी वापरून सैल झालेला दुसरा जोड घ्याच. नवाकोरा नको, तो फोड आणतो.

आता ताडपत्री. वाऱ्याने ती कोपऱ्यातून फाटते, कारण सगळा ताण त्या एका कडीवर येतो. कडी उपटली की बायका तिथेच नवं भोक पाडतात, तेही तासाभरात फाटतं. त्याऐवजी लिंबाएवढा गुळगुळीत गोटा घ्या. फाटलेल्या जागेच्या थोडं आत, ताडपत्रीच्या खालून तो धरा, वरून कापड त्याच्यावर गोळा करा आणि गोट्याच्या मानेशी सुतळी आवळून बांधा. तीच सुतळी तणाव्याला जोडा. ताण गोट्याभोवतीच्या सगळ्या कापडावर वाटला जातो आणि भोकच नसल्याने फाटायला सुरुवात होत नाही. गोटा टोकदार मात्र नको. ओल्या काळ्या मातीत मेख धरत नसेल तर पोत्यात दगड-माती भरून तणावा त्याला बांधावा. राहुटीचा बांबू तडकला तर दोन बाजूंनी बांबूच्या कामट्या लावून घट्ट गुंडाळा, मोडलेल्या हाताला पट्टी बांधतात तसं.

पिशवीचा बंद तुटणं, चेन अडकणं ही किरकोळ कामं. चेनवर मेणबत्ती घासली की बहुधा सरकते.

चुलीबाबत मात्र जुगाड अजिबात चालणार नाही. गॅसची नळी चिरली तर चिकटपट्टी गुंडाळू नका, नळी बदला. दिंडीच्या स्वयंपाकाच्या सामानात एक नवी नळी आणि सिलेंडरच्या तोंडातले दोन रबरी वॉशर जास्तीचे ठेवायला गटप्रमुखाला सांगा. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करा, जवळचा दिवा-विस्तव विझवा, सिलेंडर मोकळ्यावर न्या. नवी नळी लावल्यावर जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी पेटवून बघणारे महाभाग आम्ही पाहिलेत, त्यांना लांब ठेवा. त्या रात्री भाकरी नाही झाली तर चिवडा-लाडू खाऊन झोपा.

घरी परतल्यावर राहुटी घडी घालून माळ्यावर टाकू नका. दोन दिवस उन्हात वाळवा, फाटकं त्याच आठवड्यात शिवा आणि पिशवीतून काय काय संपलं ते गटाच्या वहीत लिहून ठेवा.