हॉटेलाचा हिशेब (भाग ५) : पाच टक्क्यांच्या पोटातले अठरा

हॉटेलाच्या बिलाखाली दोन ओळी असतात : सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के. गिऱ्हाइकाला वाटतं, कर तसा किरकोळच. पण याच पाच टक्क्यांवर गल्ल्यावरचा मालक करवादतो, आणि त्याचं गाऱ्हाणं खोटं नाही.

जीएसटी आला तेव्हा एसी हॉटेलांना 18 आणि साध्यांना 12 टक्के दर होता, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, मिळत असे. या वजावटीचा फायदा हॉटेलवाले गिऱ्हाइकाला देत नाहीत, अशी ओरड झाली. (ती अगदीच निराधार नव्हती. मेन्यूकार्डावरचे दर कुणी फारसे उतरवले नव्हते.) मग 15 नोव्हेंबर 2017पासून दोन्हींना 5 टक्के लागू झाले आणि वजावट गेली.

भाजी, दूध, सुटं धान्य यांवर करच नाही, त्यामुळे थाळीतल्या जिनसांचं फार बिघडत नाही. घाव बसतो तो इतर खर्चांवर. दुकानाचं भाडं महिना एक लाख असेल तर त्यावर 18 हजार जीएसटी. एकोणीस किलोच्या सिलिंडरवरही 18 टक्के; आपल्या घरच्या सिलिंडरवर मात्र 5. ओव्हन, एसी, डीप फ्रीझर यांवर भरलेला करही परत मिळत नाही. तो सगळा डोशाच्या किमतीत मुरतो, बिलावर कुठेच दिसत नाही.

घरपोच ऑर्डरचं उदाहरण घ्या. समजा दोनशे रुपयांची बिर्याणी अ‍ॅपवरून गेली आणि कमिशन 25 टक्के ठरलंय. पन्नास रुपये कमिशन, त्यावर नऊ रुपये जीएसटी. उरले 141. त्यातूनच तांदूळ, मटण, डबा, वस्तादाचा पगार आणि भाडं. जेवणावरचे 5 टक्के 1 जानेवारी 2022पासून अ‍ॅपवालेच सरकारजमा करतात. कमिशनवरचे नऊ रुपये मात्र हॉटेलवाल्याच्या अंगावर पडतात.

गंमत अशी, की ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतं, तिथलं रेस्टॉरंट 18 टक्के लावतं आणि वजावटही घेतं. ही सोय पंचतारांकितांना. कोपऱ्यावरच्या उडुप्याला नाही.

म्हणून पुढच्या काही वर्षांत तग धरतील ते तीन प्रकारचे धंदे, असं मला वाटतं : स्वतःच्या किंवा जुन्या पागडीच्या जागेत बसलेले, वडापावसारख्या दोन-चार जिनसांवर चालणारे, आणि खर्च शेकडो शाखांवर वाटून टाकणाऱ्या साखळ्या. भाड्याच्या जागेतलं, पन्नास-साठ खुर्च्यांचं, शंभर पदार्थांचं कौटुंबिक हॉटेल सर्वांत आधी मोडेल.

हॉटेलमालकांच्या संघटना वजावट परत मागत आहेत. सरसकट नको, पण 18 टक्के वजावटीसह की 5 टक्के वजावटीविना, ही निवड प्रत्येक हॉटेलाला स्वतः करू द्यायला जीएसटी परिषदेने हरकत घेऊ नये.